रुखमाला मी भरती केलं

करडी गावाच्या पुढे चार किलोमीटरवर एक उपकेंद्र आहे. तिथे मी बावीस वर्षं नर्स होते. एवढ्या वर्षांत "बाई, तुमचं चुकलं" असं गावात कुणी मला एकदाही म्हटलं नाही. म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती. माझा आवाज मोठा, जीभ तिखट, आणि समोरच्याने दोन शब्द उच्चारले की पुढचं सगळं मला आधीच कळतं अशी माझी ठाम समजूत. गावातली माणसं माझ्या माघारी मला हवालदारीण म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निवृत्त होऊन आता मी भंडाऱ्यात राहते. रिकामपणी जी माणसं आठवतात त्यांत रुखमा पहिली, आणि ती आठवली की माझा सगळा दिवस नासतो.

रुखमा म्हणजे टेकचंदची बायको. अंगाने काटकुळी, रंगाने सावळी, हसली की वरच्या हिरड्या दिसायच्या, आणि ती सारखी हसायची. गावातल्या रोवणीच्या टोळीची ती म्होरकी. पंधरा-सोळा बायका चिखलात उतरल्या की रुखमा उजव्या टोकाला. तिने धानाचं पहिलं रोप खोचलं की बाकीच्यांचे हात चालू होत, ती थांबली की सगळ्या थांबत. कुणी मागे राहिली तर तिला ओरडायची नाही, तिच्या ओळीतली चार रोपं गुपचूप स्वतः खोचून पुढे सरकायची. मला टरकत नसलेली गावातली ही एकच बाई. उपकेंद्राच्या पायरीवर बसून भर लसीकरणात म्हणायची, "बाई, तुमी सुई टोचता तं लेकरू रडते, आन् तुमी बोलता तं लेकराचा बाप रडते." सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत. मी डोळे वटारायचे आणि मग मलाही हसू यायचं.

तिचं माहेर नाकाडोंगरीचं. आई ती चार वर्षांची असताना गेली, भावांनी वाढवलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली ती शेवंताबाईंच्या घरात. शेवंताबाई, म्हणजे टेकचंदची आई, तरुणपणीच विधवा झालेल्या. एकटीने शेती केली, एकटीने पोराला मोठं केलं. अशी बाई सुनेला सुखाने नांदू देणार नाही, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. त्या भांडायच्याही. मिठावरून, वरणावरून, कोंबड्यांवरून, रोज, रस्त्यावर ऐकू जाईल अशा. पण रुखमा त्यांना "माय" म्हणायची आणि ते म्हणणं तोंडदेखलं नव्हतं. रोवणीच्या दिवसांत शेवंताबाई दुपारी भात घेऊन शेतावर यायच्या. रुखमाचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. मग शेवंताबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडव्या बसून, मासोळीचे काटे काढून, दोन लेकरांच्या त्या आईला स्वतःच्या हाताने घास भरवायच्या. टोळीतल्या बाया चिडवायच्या. शेवंताबाई म्हणायच्या, "तुमच्या सासवा नाई भरवत तं मी काय करू?" हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पाहूनही मी जे केलं ते केलं, म्हणून इतकं सविस्तर सांगते आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझं वागणं तुम्हाला कळायचं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी शेजारच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, गुड्डी नावाच्या पोरीने कुठल्याशा दुकानातून गर्भ पाडायच्या गोळ्या आणून कुणाला न सांगता खाल्ल्या होत्या. डॉक्टर नाही, तपासणी नाही, किती महिने झालेत याचाही पत्ता नाही. चौथा संपत आला होता. मला बोलावलं तोवर पोरगी पांढरी पडली होती. अँब्युलन्समध्ये भंडाऱ्यापर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखी तिच्या गालावर चापट्या मारत होते, कारण तिने डोळे मिटले की माझाच जीव जात होता. पोरगी वाचली. आता तिला गोंडस लेक आहे. पण त्या दिवसापासून "घरी गोळ्या" हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरायचं. चोरून, न तपासता घेतलेली गोळी वेगळी आणि डॉक्टरने सगळं पाहून, समजावून, घरी घ्यायला दिलेली गोळी वेगळी. एवढा साधा फरक, आणि मी नर्स असून तो माझ्या डोक्यात शिरत नव्हता. शिरू देत नव्हते म्हणा.

करोना ओसरल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. धान घरात येऊन आठवडा झाला होता. रुखमा सकाळीच उपकेंद्रात आली आणि दार लोटून घेतलं.

"बाई, दिवस गेले वाटते."

तपासलं. गेले होते. तांबी अंगावर जास्त जातं म्हणून काढून टाकली होती आणि ऑपरेशनचं आज-उद्या चाललं होतं, त्यातला हा प्रकार.

"मंग? ठेवायचं हाये का?" मी विचारलं.

"नाई जी. दोन पुरे झाले मले. आमच्या यायलेबी मी सांगतलं, थे बी नाईच म्हनते. पोरगी डिंपल अकरावीले हाये. उद्या तिले पाहाले पावने येतीन आन् मी पोट घेऊन चहा देऊ काय?" ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "घरीच गोळ्या घेता येतेत म्हनते. डॉक्टरीनबाईले दाखवून, त्या देतीन त्याच घेतो. मायपाशी निजून राहीन. फकत दोन दिस द्या मले, मायले नीट सांगा लागते. एकदम सांगतलं तं घाबरून जाते थे."

आता खरं तर यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? बाई शहाणी, नवऱ्याची हरकत नाही, डॉक्टरला दाखवायची तयारी, घरात जपणारं माणूस. पण मला दोनच शब्द ऐकू आले आणि माझी हवालदारी सुरू झाली.

"पागल झाली काय? घरी रक्त गेलं तं कोन पाहीन? आन् सासूले सांगते? कोनती सासू हो म्हनते? उद्या देव-देव करत आडवी पडन, तुले चार दिस अडवन, मंग वेळ निघून जाईन. मी बावीस वर्षं सासवाच पाहून राह्यली. तोंड बंद ठेव. भरती व्हायचं, मोकळं व्हायचं, घरी यायचं."

"माय तशी नाई जी, बाई."

"मले शिकवू नको."

ती गप्प बसली. रुखमाला गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि मला वाटलं, चला, पटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने तिला तुमसरला घेऊन गेले, डॉक्टर तेजस्विनी बोंदरे यांच्याकडे. सरकारमान्य केंद्र, लहानसाच दवाखाना, खाली तपासणी आणि वर बायकांचा एकच वॉर्ड. डॉक्टरीण तरुण, पण घाई न करणारी. सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि रुखमाला समोर बसवून, माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत सांगितलं. "सात आठवडे झालेत. गर्भ पिशवीतच आहे, जागेवर आहे. तुझं रक्तही ठीक आहे. पहिली गोळी आत्ता इथे घ्यायची, बाकीच्या परवा. परवाच्या गोळ्या इथे घेतल्या काय आणि घरी घेतल्या काय, काम सारखंच करतात. कळा येतील, पाळीपेक्षा बरंच जास्त जाईल, बहुतेक चार-सहा तासांत मोकळी होशील. तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि दुसऱ्या तासालाही तसंच चाललं, किंवा घेरी आली, ताप चढला, तर लगेच मला फोन आणि लगेच इथे. तुमच्याकडून गाडीने अर्धा-पाऊण तास. घरी राहिलीस तर आपलं अंथरूण, आपली माणसं. इथे राहिलीस तर आमची नजर राहील, पण वॉर्ड आहे, माणसांची ये-जा असते. सही तुझी एकटीचीच लागते, त्यामुळे ठरवायचंही तूच. घरी सोबतीला कुणी मोठी बाई आहे का?"

रुखमाने तोंड उघडलं. मी तिच्या शेजारी बसले होते, तिच्या ओठांवर "माय" आलेलं मला दिसलं. आणि तिच्या आधी मी म्हणाले, "घरी सांगण्यासारखं कोणी नाही, मॅडम. भरतीच करू."

डॉक्टरणीने रुखमाकडे पाहिलं. "तुझं काय?"

रुखमाने माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं तिच्या गावाने माझं ऐकलं होतं, तिची दोन्ही बाळंतपणं मी केली होती. ती म्हणाली, "बाई म्हनते तसं."

त्या दिवशी गोळी घेऊन आम्ही परत आलो. परवाच्यासाठी मीच कारण शोधून दिलं. नाकाडोंगरीला भावाची तब्येत बरी नाही, बघून येते, संध्याकाळपर्यंत परत. टेकचंद बिचारा मान हलवत राहिला. शेवंताबाईंनी भावासाठी म्हणून घरामागच्या सांदवाडीतली वांगी आणि थोडा नवा तांदूळ बांधून दिला. ती पिशवी मांडीवर घेऊन रुखमा बसमध्ये बसली होती. उतरताना एवढंच म्हणाली, "मायशी आजवर खोटं नाई बोलली मी." मी म्हटलं, "भल्यासाठी बोलावं लागते."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. दवाखान्यात कुणी भरती झालं की त्याला पाहायला जावंच लागतं. ओळख कितीही लांबची असो, भांडण कितीही जुनं असो. लग्नाला नाही गेलात तर चालतं, पण भरती असलेल्याला पाहायला नाही गेलात तर ते मरेपर्यंत काढलं जातं. गाव गाडी करून जातं, सोबत डबे नेतं, खाटेभोवती उभं राहून काय झालं, कसं झालं, सगळं विचारतं. यात दुष्टावा नसतो. माया असते, थोडी उत्सुकताही असते. मी स्वतः शेकडो वेळा गेलेली. घरी निजलेल्या बाईला मात्र पाहायला कुणी येत नाही. घरी निजलेल्या बाईची पाळी असते, पाठ दुखत असते, अंग मोडून आलेलं असतं. कुणी विचारत नाही. ही रीत मला पाठ होती, आणि भरती करताना ती माझ्या डोक्यातही आली नाही.

वर वॉर्डात गेलो तर शेजारच्या खाटेपाशी आमच्याच गावच्या लीलाबाई बसलेल्या. त्यांची लेक आदल्या रात्री बाळंत झाली होती. "वो माय, रुखमा! तुले काय झालं वो?" मी मध्ये पडून म्हटलं, "अशक्तपना हाये, सलाइन लावाचं हाये." लीलाबाईंनी मान डोलावली, बाळाचं टोपडं सरळ केलं आणि जिन्यात जाऊन घरी फोन लावला. मला दिसलं. तेव्हाही मला सुचलं नाही.

सकाळी नऊला गोळ्या दिल्या. अकराला कळा सुरू झाल्या. रुखमा भिंतीकडे तोंड करून निजली होती, गुडघे पोटाशी घेऊन. गरम पाण्याची पिशवी दिली, दुखण्याची गोळी दिली, मी पाठ चोळत होते. एक वाजेपर्यंत सगळं पार पडलं. डॉक्टरीण येऊन बघून गेली, म्हणाली, छान, काही काळजी नाही. पिशवी, गोळी, पाठ चोळणं. दवाखान्याने एवढंच केलं. यातलं एकही काम असं नव्हतं जे शेवंताबाईंना घरच्या छपरीत करता आलं नसतं.

दोनच्या सुमाराला जिन्यावर चपलांचा आवाज झाला. मॅजिक गाडी भरून बायका आल्या होत्या. रोवणीची जवळजवळ सगळी टोळीच. प्रत्येकीच्या हातात डबा. आणि सगळ्यांच्या पुढे शेवंताबाई, अनवाणी. गावात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तुमची सून नाकाडोंगरीले नाई, तुमसरले भरती हाये. खरं काय झालंय ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आपल्यापासून लपवून भरती केली म्हणजे पोरगी हातची जाते आहे, असं त्या म्हाताऱ्या जिवाने धरलं होतं. गाडीत सगळा रस्ता त्या रडत आल्या, असं बायांनी मला मागाहून सांगितलं.

मी उठून पुढे होईपर्यंत त्यांनी दारातच दवाखान्याच्या आयाचे, रंभाबाईंचे, दोन्ही हात धरले. "बाई, माह्या सुनेले काय झालं वो? वाचते ना?"

रंभाबाई चांगली बाई. म्हातारी थरथरते आहे हे बघून तिला धीर द्यायला तिने त्यांना जवळ घेतलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "घाबरू नका, माय. दोनच महिन्याचं होतं. गोळ्या देल्ल्या, साफ होऊन गेलं. सून एकदम बेस हाये."

पंधरा बाया, पंधरा डबे, लीलाबाई, लीलाबाईंची बाळंतीण लेक. सगळ्या आधी रुखमाकडे आणि मग शेवंताबाईंकडे पाहू लागल्या. रुखमा खाटेवर उठून बसली. "माय..." म्हणाली. शेवंताबाईंनी पदराने डोळे पुसले. आपल्या हातातला डबा त्यांनी खाटेच्या पायथ्याशी ठेवला, बाकीच्या बायांनी ठेवला तसाच. "बरी हायेस ना?" असं विचारलं, बाकीच्यांनी विचारलं तसंच. आणि खाली जाऊन गाडीत बसल्या.

त्यानंतर शेवंताबाई रुखमाशी बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घरातल्या घरात चूल वेगळी केली. नातवंडांना त्या जेवू घालायच्या, टेकचंदशी कामापुरतं बोलायच्या, पण रुखमा समोर आली की जणू तिथे कुणी नाहीच. पुढच्या रोवणीला दुपारी धुऱ्यावर कुणी आलं नाही. रुखमा हात धुऊन, एकटीच, डब्यातला भात खायची. टोळीतल्या बायांनी त्या पावसाळ्यात तिला चिडवलं नाही. गावात बोलणी झाली ती वेगळीच. मुलगी असेल म्हणून पाडलं असं एक म्हणाली, दुसरी त्याच्याही पुढे गेली. सात आठवड्यांत मुलगा-मुलगी कुणाला कळतं, हे मी चौकात ओरडून सांगितलं. पण त्याने रुखमाच्या घरातलं काही सुटणार नव्हतं.

त्या रोवणीनंतर महिन्याभराने मी शेवंताबाईंकडे गेले. समजूत घालायला नव्हे, दोन शब्द सुनवायलाच गेले होते. त्यांनी चहा ठेवला. मी म्हटलं, "पोरीनं काय गुन्हा केला, शेवंताबाई? तिचं शरीर, तिचा निर्णय."

"पाडलं म्हनून मी कुठं रागावली, बाई?" त्या म्हणाल्या. "म्या अडवलं असतं असं तिले वाटलंच कसं? माहंबी एक पाडलं होतं म्या. ह्या टेकचंदच्या पाठीवरचं. सासूच्या धाकानं कोनाले सांगतलं नाई. कोन्या बाईनं देल्लेला काढा पेली आन् गोठ्यात पडून राह्यली, दोन दिस, एकटी. तवाच म्या मनाशी म्हनलं होतं का माह्या घरात येईन तिले असं एकटं नाई पडू देनार. आन् माह्यापासूनच लपवून गेली थे. साऱ्या गावासंगं मी पाहाले गेली, बाई. पावनी म्हनून गेली मी, माह्या लेकीले पाहाले."

तिथे, त्या क्षणी, मला एकच वाक्य बोलायचं होतं. ती तुम्हाला सांगणार होती, मी अडवलं. एवढंच. बावीस वर्षं अख्ख्या गावाला धारेवर धरणारी माझी जीभ त्या वाक्यासाठी उचलली नाही. मी म्हटलं, "झालं ते झालं, विसरा आता," आणि चहा संपवून उठले. भ्याले मी. पुढल्या महिन्यात माझा निरोपसमारंभ होता, शाल-श्रीफळ ठरलं होतं, आणि त्या गावात माझी चूक माहीत असलेलं एकही माणूस मला नको होतं. दुसरं कुठलंही कारण मी स्वतःला देऊन पाहिलं, ते टिकत नाही.

चूक माहीत असलेलं माणूस एक होतंच. रुखमा. तिने ते कुणालाही सांगितलं नाही. सगळं स्वतःवर घेतलं. गाव सोडताना मी तिला विचारलं, "तू मायले काहून नाई सांगितलं, का बाईनंच मले मना केलं होतं म्हनून?"

"तुमचं नाव घेतलं असतं तं पोरी तुमच्यापाशी याच्या थांबल्या असत्या, बाई. मंग दुकानातून गोळ्या खाल्ल्या असत्या, गुड्डीसारख्या," ती म्हणाली. "आन् तुमी माह्या भल्यासाठीच केलं." ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मी सहन केला असता.

गेल्या वर्षी डिंपलचं लग्न झालं. पत्रिका घेऊन टेकचंद भंडाऱ्याला आला होता. मी गेले. पाठवणीच्या वेळी डिंपलने आजीच्या पायावर डोकं ठेवलं, शेवंताबाईंनी तिला उराशी धरलं. मग रुखमा वाकली, लेक सासरी जाते म्हणून डोळे भरलेलेच होते. शेवंताबाईंनी पाय मागे घेतले. मांडवात पाचशे माणसं होती, पण ते बहुतेक मी एकटीनेच पाहिलं. उद्या सकाळी म्हातारीकडे जाऊन सगळं सांगायचं, असं मी तिथेच ठरवलं. सकाळी पाहुण्यांची घाई होती. मग म्हटलं, दिवाळीनंतर येऊ. मग माझा गुडघा सुजला. मग थंडी फार होती. कारणं किती मिळतात म्हणता.

या माघात टेकचंदचा फोन आला. मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलंय, समजतं सगळं, पण बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने निघाले. शेवंताबाई छपरीत खाटेवर होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. वेगळी चूल विझली होती, आता सगळं रुखमाच करत होती, अंग पुसणं, कपडे बदलणं. ती मागे कपडे धूत होती. मी खाटेजवळ बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. म्हटलं, "शेवंताबाई, रुखमा तुमाले सांगनार होती. दोन दिस मागत होती माह्यापाशी, तुमाले सांगाले. घरीच घ्यायच्या होत्या तिले गोळ्या, तुमच्यापाशी निजून. म्या मना केलं. डॉक्टरनं विचारलं, घरी कोन हाये, तं थे 'माय' म्हनाच्या आधी म्याच म्हनलं, कोनी नाई. तिचा काईच गुन्हा नाई. चूक माही होती, आन् तीन वर्षं म्या सांगितलं नाई."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं, इतकं जोरात की माझी बांगडी रुतली, आणि तोंडातून आवाज निघू लागला. "अं... अं..." डोळे मागच्या दाराकडे.

मी हाक मारली. रुखमा ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं वो, माय?" शेवंताबाईंनी माझं मनगट सोडलं आणि त्याच हाताने तिचं डोकं खाली ओढून घेतलं. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि त्या बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. थांबत होत्या, दम घेत होत्या, परत सुरू करत होत्या. रडत होत्या आणि बोलत होत्या, आणि त्यातला एकही शब्द शब्द होत नव्हता. रुखमा वाकलेली तशीच राहिली. "हो माय, हो माय," म्हणत राहिली.

मग म्हातारी थकली, डोळे मिटून पडली. रुखमाने पदराने तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. तिचा चेहरा आनंदाने आणि भीतीने असा काही झाला होता की मला बघवेना.

"बाई, तीन वर्षानं बोलली माय मले," ती म्हणाली. "काय बोलली थे? तुमाले तं पेशंटाचं समजते. सांगा ना बाई, काय म्हनत होती?"

मला एक अक्षरही कळलं नव्हतं. मी तसं तिला सांगितलं.